कुणकुण: पुसट आवाजाच्या शब्दाचा अर्थ आणि मूळ कसे शोधावे

सांगलीच्या हळदपेठेत कुणी म्हणाले, ‘दर पडणार याची कुणकुण व्यापाऱ्यांना आधीच लागली होती’, तर त्यात कुणालाही आवाज ऐकू येत नाही. बातमीचा वास तेवढा येतो. कोशात मात्र या शब्दापुढे नादानुकारी अशी खूण असते. म्हणजे मुळात ही एका आवाजाची नक्कल. आवाजाचा शब्द बातमीचा कसा झाला, हे शोधण्याची रीत पुढे दिली आहे. उदाहरण कुणकुणचे घेतले असले, तरी कुजबुज, पुटपुट, गुणगुण, भुणभुण, कुरकुर, खुसफुस, धुसफुस या सगळ्या गोतावळ्याला ती लागू पडते.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ‘हात’ या शब्दाचा माग काढायचा तर वाट सरळ आहे: संस्कृत हस्त, प्राकृत हत्थ, मराठी हात. पिढ्या एकाखाली एक लावता येतात. कुणकुणला असा वंशवृक्ष नाही. इथे पुरावा उभा नसतो, आडवा असतो: शेजारच्या शब्दांत, सोबतच्या क्रियापदांत, पलीकडच्या भाषेतल्या तशाच शब्दांत. उभा पुरावा मिळालाच पाहिजे असा हट्ट धरणारे शेवटी एखादा संस्कृत धातू ओढूनताणून आणतात आणि चुकतात.

कोशाआधी वाक्ये

साहित्य फार नाही. ५ × ३ इंचांची पन्नासेक कार्डे, पेन्सिल आणि पंधरा दिवस. कोश लगेच उघडू नये, कारण कोशातला पहिला अर्थ एकदा डोक्यात बसला की कान तेवढेच ऐकतात. आधी एका शब्दाची तीस-चाळीस वाक्ये जमवा. बाजार, पार, एसटी स्टँड, लग्नघर, दूध डेअरीची रांग, जुनी वर्तमानपत्रे, काहीही चालेल. फक्त निम्मी वाक्ये तरी कानांनी ऐकलेली हवीत.

समजा कऱ्हाडच्या स्टँडवर हे दोन उद्गार कानावर पडले:

‘मामा, त्येला कुनकुन लागली व्हय?’
‘लागली आसंल. सकाळधरनं गप हाय.’

बरेच जण कार्डावर ‘कुणकुण = सुगावा’ एवढेच लिहितात. असे कार्ड कुचकामी. पूर्ण वाक्य जसे उच्चारले तसे लिहायचे, म्हणजे ‘कुनकुन’ला सुधारून ‘कुणकुण’ करायचे नाही. शेजारी पाच गोष्टी: क्रियापद कोणते (लागणे), विभक्ती कोणती (त्येला, म्हणजे चतुर्थी), बोलणाऱ्याचे अंदाजे वय, ठिकाण आणि तारीख. माणसाचे नाव लिहू नका, त्याचा उपयोग नसतो आणि ते बरेही दिसत नाही. वरच्या संवादातले ‘सकाळधरनं गप हाय’ हे वाक्यही टिपायचे. कुणकुण लागलेला माणूस गप्प होतो, विचारत सुटत नाही, हा अर्थाचाच भाग आहे आणि तो कोशात सापडणार नाही.

क्रियापदावरून गठ्ठे पाडा

कार्डे जमली की अर्थावरून लावू नका, क्रियापदावरून लावा. अर्थ आपण कल्पनेने वाचतो, क्रियापद डोळ्यांना दिसते. कुणकुणचे बहुतेक गठ्ठे असे पडतात: कुणकुण लागणे हा सगळ्यात जाड, ‘गावात कुणकुण आहे’ किंवा ‘चालू आहे’ हा मधला, आणि कुणकुण ऐकू येणे, कुणकुण करणे हे अगदी पातळ.

जाड गठ्ठ्याकडे नीट पाहा. लागणे हे क्रियापद मराठीत न मागता येणाऱ्या गोष्टींना जोडले जाते: भूक लागते, ठेच लागते, झोप लागते. कुणकुणही अशीच, आपण काही न करता आपल्याकडे येते. म्हणून ‘मला कुणकुण लागली’ हे बरोबर आणि ‘मी कुणकुण घेतली’ हे कानाला खटकते. मुद्दाम कान लावून ऐकायचे असेल तेव्हा मराठी माणूस शब्दच बदलतो आणि कानोसा ‘घेतो’. एका क्रियापदाच्या फरकाने हेतू कळतो. मराठी शिकणाऱ्याला कुणकुण समजावताना हा फरक पहिल्यांदा सांगावा, ‘पूर्वसूचना’ वगैरे प्रतिशब्द नंतर.

पातळ गठ्ठा फेकून देऊ नका. ‘पलीकडच्या खोलीत कुणकुण ऐकू येत होती’ अशी दोनच कार्डे मिळाली तरी तीच सर्वांत मौल्यवान, कारण त्यांत आवाज अजून जिवंत आहे. शब्दाचे आधीचे रूप अशा विरळ वापरांतच टिकून राहते.

अदलाबदल करून पाहणे

आता प्रत्येक कार्डावरच्या वाक्यात जवळचे शब्द घालून बघा आणि वाक्य कुठे मोडते ते नोंदवा. कुणकुणला जवळचे चार: सुगावा, चाहूल, कुजबुज, आवई.

‘चोरांचा पोलिसांना सुगावा लागला’ चालते. ‘चोरांना छाप्याची कुणकुण लागली’ चालते. पण पहिल्या वाक्यात कुणकुण आणि दुसऱ्यात सुगावा घातला की चव बदलते. सुगाव्यामागे शोध असतो, माग असतो. कुणकुणीमागे कुणाचे तरी बोलणे असते. चाहूल पावलांची, पावसाची, थंडीचीही लागते. पावसाची कुणकुण मात्र लागत नाही, कारण पावसाबद्दल कुणी दबक्या आवाजात बोलत नाही. या एका न जमणाऱ्या वाक्याने मोठी गोष्ट सिद्ध होते: कुणकुणीच्या आजच्या अर्थातही माणसांचे हळू बोलणे लपलेले आहे.

आवई ‘उठते’, कंडी ‘पिकते’, वावडी ‘उडते’ किंवा ‘उठते’. ही सगळी उघड, वर जाणारी क्रियापदे. कुणकुण कधी उठत नाही. ती जमिनीलगत चालते.

घसा, नाक आणि ओठ

आवाजाचे शब्द नुसते वाचून कळत नाहीत, तोंडाने करून पाहावे लागतात. दोन बोटे कंठावर ठेवून ओठ मिटून गुणगुणा: कंप जाणवतो. आता शेजारच्याच्या कानात कुजबुजा: कंप नाही. कुजबुजताना स्वरतंतू कंप पावत नाहीत, नुसता श्वास घासत जातो. तिसरी चाचणी: ओठ मिटून गुणगुणताना चिमटीने नाक दाबा. आवाज तत्काळ बंद पडतो, कारण हवेला तेवढीच वाट होती. गुणगुण, भुणभुण, कुणकुण, रुणझुण या शब्दांत ‘ण’ का आहे, याचे उत्तर त्या चिमटीत आहे. ण हे अनुनासिक व्यंजन आहे, नाकातून घुमणारे. पुटपुटमध्ये मात्र प आणि ट, म्हणजे ओठ आणि जीभ. पुटपुटणाऱ्याचे ओठ हललेले दिसतात, शब्द कळत नाहीत.

गुणगुण कशाला म्हणायचे याचा उत्तम नमुना मिरजेत ऐकायला मिळतो. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी (तारेचे गुंजणे) जुळवताना कारागीर घोडीवर, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यावर, तारेखाली सुती दोरा घालून केसभर मागेपुढे सरकवतो. दोरा चुकीच्या जागी असला तर तार नुसती टण्ण करते, म्हणजे वाजते आणि विझते. बरोबर जागी आला की तीच तार गुंजत राहते. ‘टण्ण’ आणि ‘गुंजणे’ या दोन शब्दांतला फरक त्या केसभर अंतरात ऐकू येतो. टण्णला सुरुवात आणि शेवट आहे, गुंजण्याला काठ नाहीत.

स्वर बदलून त्रिकूट मांडा

मराठी नादशब्दांत स्वरांना कामे वाटून दिलेली आहेत. एकच सांगाडा घ्या आणि अ, इ, उ घालून पाहा. सर्वांत स्वच्छ त्रिकूट करकर, किरकिर, कुरकुर. कोरी वहाण करकर वाजते: कोरडा, उघडा आवाज. रातकिडा किरकिर करतो: बारीक, टोचणारा. खाट कुरकुरते: दबका, आतल्या आत. मग हाच शेवटचा शब्द माणसाच्या तोंडावर न केलेल्या तक्रारीला लागला. दुसरे त्रिकूट खणखण, किणकिण, कुणकुण: नाणे, बांगडी आणि दबके बोलणे.

यामागे शरीराचे कारण आहे. उ म्हणताना ओठांचा चंबू होतो, जीभ मागे जाते आणि आवाजातला तीव्र, म्हणजे उंच पट्टीचा भाग दबतो. भिंतीपलीकडून येणाऱ्या बोलण्याचेही तेच होते, तीव्र भाग अडतो आणि गाभा तेवढा पोचतो. म्हणून पुसट आवाजाच्या शब्दांत उ चा एवढा भरणा.

नियम ताणू नका. भुंकणे, धुडूम यांत उ आहे आणि आवाज काही हळू नाही. उ चा अर्थ ‘हळू’ असा नसून ‘दबका, घुमट’ असा आहे. तसेच कणकण हा शब्द त्रिकुटात बसवायचा मोह होतो, पण ‘अंगात कणकण आहे’ ही तापाची भाषा, आवाजाची नव्हे. सांगाडा जुळला म्हणून शब्द सगोत्र होत नाही.

दुसरी ओळखखूण ‘आट’ या प्रत्ययाची. कडकडाट, गडगडाट, खणखणाट, कलकलाट सहज होतात. कुणकुणाट, पुटपुटाट सहसा कुणी म्हणत नाही, कारण आट लागला की आवाज मोठा आणि पुष्कळ होतो. सुळसुळ हा अपवाद वाटतो. पण सुळसुळाट म्हटल्यावर आवाज जातो आणि उंदीर-झुरळांची संख्या उरते!

कुरकुर आणि कुरबूर

यावर फारसे कुणी थांबत नाही, पण अर्थ लावायला याइतकी उपयोगी दुसरी गोष्ट नाही. नादशब्द दोन तऱ्हांनी दुणावतात. एक, जसाच्या तसा: पुटपुट, गुणगुण, भुणभुण, कुरकुर, कुणकुण. दोन, दुसऱ्या भागाचे पहिले अक्षर ओठांचे करून: कुजबुज, खुसफुस, धुसफुस, कुरबूर. हीच चाल गडबड, लगबग, गजबज, खळबळ, लुडबुड यांत दिसते.

बोलण्याच्या शब्दांपुरते पाहिले तर पहिली तऱ्हा बहुधा एका तोंडाची, दुसरी बहुधा दोघातिघांची. एकटा माणूस पुटपुटतो, एकटा गुणगुणतो. कुजबुजायला दुसरा कान लागतो. एकटी खाट कुरकुरते, पण कुरबुरी होतात त्या भावाभावांत, बांधाबांधावर. धुसफुस पक्षात चालते. चुळबुळ एकटाही करतो, तेव्हा हा कायदा नव्हे, कल आहे. पण कार्डे लावताना ‘या शब्दात किती माणसे आहेत?’ हा प्रश्न विचारून पाहा.

कुणकुण इथे कोड्यात टाकते: दुणावणे एकट्याचे, अर्थ मात्र अनेकांच्या बोलण्याचा. उलगडा असा लावता येतो की कुणकुण बोलणाऱ्याच्या बाजूचा शब्द नाहीच, तो दुरून ऐकणाऱ्याच्या बाजूचा आहे. जवळ असलेल्याला दोघांची कुजबुज ऐकू येते. भिंतीपलीकडच्याला दोन आवाज वेगळे कळत नाहीत, एकच सलग गुंजन पोचते.

आता कोश

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (पहिली आवृत्ती १८३१, वाढवलेली दुसरी १८५७) आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ ते १९३८, सात खंड, पुरवणी १९५०) हे दोन पुरेसे आहेत. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. कागदी खंड चाळायचे तर जुन्या नगर वाचनालयाच्या संदर्भ विभागात चौकशी करा. वाईला विश्वकोशाचे कार्यालय आहे म्हणून शब्दाचे मूळ विश्वकोशात शोधणारे भेटतात. विश्वकोश विषयांची माहिती देतो, शब्दांची नव्हे.

शोध रिकामा परतण्याचे नेहमीचे कारण लेखन. कुजबुज आणि कुजबूज, धुसफुस आणि धुसफूस, ण ऐवजी न, अशी सगळी रूपे टाकून पाहा. क्रियापदही वेगळे शोधा: कुणकुणणे, पुटपुटणे यांच्या नोंदी स्वतंत्र असतात आणि आवाजाचा जुना अर्थ कित्येकदा तिथेच सांभाळलेला असतो.

वाचताना मोल्सवर्थमध्ये अर्थ नसून वर्णन आहे हे लक्षात ठेवा. त्याच्या काळी शब्द कोणत्या आवाजाला लावत ते तो सांगतो. त्यातला एखादा वापर तुमच्या चाळीस कार्डांत एकदाही नसेल, तर गेल्या पावणेदोनशे वर्षांत शब्दाची एक फांदी वाळली असे समजायला जागा आहे. सिद्ध झाले असे मात्र नाही. चाळीसच कार्डे आहेत.

संस्कृतच्या दारात

इथे सर्वाधिक चुका होतात. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘कुण शब्दोपकरणयोः’ असा धातू खरोखर आहे. तो दिसताच अनेकांना मूळ सापडल्याचा आनंद होतो. त्यांनी त्याच धातुपाठातली ही ओळ वाचावी: ‘अण रण वण भण मण कण क्वण व्रण भ्रण ध्वण शब्दार्थाः’. दहा धातू, सगळ्यांचा अर्थ एकच, आवाज करणे. म्हणजे वैयाकरणांनीही ण ने संपणारे कितीतरी आवाज एका दोरीत ओवून ठेवले आहेत. कुण धातूतून कुणकुण आली असे म्हणण्यात नवे काही सांगितले जात नाही. एक नक्कल दुसऱ्या नकलेकडे बोट दाखवते इतकेच.

संस्कृतकडे जावे ते मूळ धातू मिळवायला नव्हे, विचार करण्याची रीत घ्यायला. पाणिनीचे सूत्र आहे ५.४.५७, ‘अव्यक्तानुकरणाद् द्व्यजवरार्धादनितौ डाच्’, ज्याने ‘पटपटा करोति’ सारखी रूपे होतात. ज्या ध्वनीत अकारादी वर्ण वेगवेगळे ओळखू येत नाहीत तो अव्यक्त, असा काशिका या पाणिनीवरच्या टीकेचा खुलासा आहे. पुसट आवाजाची याहून नेमकी व्याख्या शोधून सापडणार नाही. यास्काने निरुक्त या व्युत्पत्तीवरच्या प्राचीन ग्रंथात काक हा शब्द आवाजाची नक्कल म्हणून दिला, पक्ष्यांच्या नावांत असे फार होते असेही म्हटले, आणि औपमन्यवाचा विरोधी पक्षही नोंदवला: अशी नक्कल नसतेच. हा वाद तेव्हापासून चालू आहे.

अमरकोश हा जुना संस्कृत शब्दकोशही कामाचा. कपड्यांच्या आणि पानांच्या आवाजाला मर्मर, दागिन्यांच्या आवाजाला शिञ्जित. आवाज कसा आहे याआधी तो कशाचा आहे हे विचारायचे, ही सवय तिथून उचलावी. लॅटिनमध्येही मुर्मुर असा शब्द पुटपुटण्यासाठी आहे. पण मर्मर आणि मुर्मुर सारखे दिसतात एवढ्यावर नाते जुळवू नये. ओठ मिटून होणारा म आणि घुमणारा र कुठल्याही माणसाला आपापला सुचू शकतो.

शिवेपलीकडे

कर्नाटकाच्या शिवेवरच्या जत तालुक्यात गेलात तर कानडी ऐकू येते. गुणुगुणु म्हणजे गुणगुण, गुसुगुसु आणि पिसुपिसु म्हणजे कुजबुज. मराठीने कानडीकडून घेतले की कानडीने मराठीकडून, हा प्रश्न इथे बहुधा सुटत नाही. दुणावलेले नादशब्द आर्य आणि द्राविड दोन्ही कुळांच्या भाषांत कसे सामाईक आहेत, हे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ च्या लेखात दाखवले आहे. नोंदीत ‘तुलना करा’ एवढे लिहावे, ‘पासून’ लिहू नये.

हिंदीतला एक शब्द मात्र कुणकुणीचे कोडे सोडवायला थेट मदत करतो: भनक. भनक म्हणजे हलका, अस्पष्ट आवाज. आणि ‘भनक लगना’ म्हणजे सुगावा लागणे. शब्द वेगळा, प्रवास तोच, सोबतचे क्रियापदही तेच. आवाजाकडून बातमीकडे जाण्याची वाट एकट्या मराठीने पाडलेली नाही, ही खात्री इथे मिळते. हिंदी गुनगुना आणि कुनकुना यांना मात्र फसू नका. ते कोमट पाण्याचे शब्द आहेत.

फसव्या जोड्या

‘कुण’ म्हणजे कोण, म्हणून कुणकुण म्हणजे ‘कोण? कोण?’ अशी विचारणा, ही जोडी ऐकायला गोड आहे. पाडायला सोपी. ग्रामीण बोलण्यात ‘कोन’ म्हणणारा माणूसही ‘कोनकोन लागली’ म्हणत नाही. शिवाय कोण दुणावले की अनेकवचन होते (‘कोण कोण आले?’), स्त्रीलिंगी नाम होत नाही. आणि ही व्युत्पत्ती मानली तर भुणभुण, गुणगुण यांचे काय करायचे? सख्ख्या बहिणींना लागू न पडणारी व्युत्पत्ती बाद समजावी.

तशीच कुजबुज आणि कुजणे. ‘कुजके बोलणे’ हे कुजण्यातून आले, कुजबुज नव्हे. शाळेच्या फळ्यामागे दोन मुली कुजबुजतात तेव्हा त्यात सडके काही नसते.

नोंद लिहिताना

सगळे झाल्यावर एका कार्डावर मावेल एवढीच नोंद करा. नमुना:

कुणकुण (स्त्री., सहसा एकवचनी). १. दबक्या बोलण्याचा दुरून येणारा अस्पष्ट आवाज, विरळ. २. न फुटलेल्या गोष्टीची उडत कानावर आलेली माहिती, क्रि. लागणे (ज्याला लागते त्याची चतुर्थी), असणे, चालू असणे. हवामान, निसर्ग यांबाबत वापरत नाहीत. व्यु.: नादानुकारी. तुलना करा: मराठी खणखण, किणकिण, हिंदी भनक (अर्थासाठी). ‘कुण’शी संबंध नाही.

क्रमांक १ आणि २ यांचा क्रम वापरावरून लावायचा की काळावरून, हे आधी ठरवून पहिल्या कार्डावर लिहून ठेवा. वापरावरून लावलात तर २ वर जाईल. दोन्ही चालतात, मिसळलेले चालत नाही. मूळ कार्डे नोंदीमागे दोऱ्याने बांधा. पुढचा शब्द कुरबूर घेणार असाल तर याच गठ्ठ्यात तिची चार-सहा वाक्ये आधीच पडलेली दिसतील, कारण जिथे कुणकुण असते तिथे पारावर कुरबूरही निघतेच.